जुनी इलेक्ट्रिक कार आणि रोजचे शंभर किलोमीटर: मुंबईत घेताना काय काय पाहावं

मुलुंडच्या एका सोसायटीत मी पहिली जुनी इलेक्ट्रिक कार पाहायला गेलो, तेव्हा गाडी नुकतीच धुऊनपुसून ठेवली होती. टायरना पॉलिश, सीटना नवी कव्हरं, डॅशबोर्डवर अत्तराची बाटली. मालक सज्जन होते, त्यांनी चहाही विचारला. मी डिकी उघडायला सांगितली आणि चार्जिंगची केबल मागितली. तीन पिनांचा तो जाड प्लग हातात घेतला, तर एका पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलेलं. भिंतीवरच्या सॉकेटलाही तसाच डाग. सॉकेट सैल झालं होतं आणि रोज रात्री सात-आठ तास त्यातून करंट जात होता. मालकांच्या ते लक्षातही आलं नव्हतं. तेव्हापासून जुनी ईव्ही बघायला गेलो की मी बॉनेटच्या आधी केबल मागतो.

मी डोंबिवलीला राहतो, ऑफिस लोअर परळला. जाऊन-येऊन जवळपास शंभर किलोमीटर. वीस वर्षं लोकलनं गेलो, मग कमरेनं साथ सोडली. पेट्रोलच्या गाडीचा हिशोब जमेना, नवी ईव्ही बजेटबाहेर, म्हणून जुनी शोधायला लागलो. चार महिन्यांत अकरा गाड्या पाहिल्या आणि बारावी घेतली. विरार, बदलापूर, पनवेल, घोडबंदरहून रोज मुंबईत येणारे बरेच जण आता हाच विचार करत असतात. त्यांच्यासाठी सगळं क्रमानं लिहितो आहे. पेट्रोलची जुनी गाडी घेताना आपण इंजिनाचा आवाज ऐकतो, धूर बघतो. इथे तुम्ही विकत घेता ते बॅटरीत उरलेले किलोमीटर. म्हणून बहुतेक सगळी तपासणी त्याच एका गोष्टीभोवती फिरते.

आधी स्वतःचं अंतर मोजा

जाहिरातीतला पल्ला विसरा. पहिली नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये आली, ३०.२ किलोवॉट-अवरची (म्हणजे ३०.२ युनिट वीज मावणारी) बॅटरी आणि गाड्यांची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देणाऱ्या एआरएआय संस्थेचा आकडा ३१२ किलोमीटर. रस्त्यावर ती नवी असतानाही २०० च्या आसपासच धावायची. सगळ्याच गाड्यांचं असं आहे. प्रमाणपत्रातल्या आकड्याचा साधारण दोन तृतीयांश धरा, म्हणजे फसगत होत नाही.

मुंबईत आणखी एक गोष्ट आहे. शीळफाट्याला गाडी चाळीस मिनिटं जागेवर उभी राहिली तरी मोटर जवळपास काहीच खात नाही, उलट पुढे-मागे करताना ब्रेकमधून थोडी वीज परत येते. पण एसी चालूच असतो, आणि एसीचं खाणं किलोमीटरवर नसतं, तासांवर असतं. मे महिन्यात दोन्ही वेळचे मिळून चार तास गाडीत बसलात तर तीन-चार युनिट एसीच घेतो. म्हणजे वीस-पंचवीस किलोमीटरचा पल्ला गेला. म्हणून नुसतं अंतर मोजू नका, गाडीत किती तास बसता तेही लिहून काढा. माझे शंभर किलोमीटर एसी धरून साधारण पंधरा युनिटमध्ये होतात.

आता आडाखा. रोजच्या जाण्या-येण्याच्या अंतराच्या दीडपट ते पावणेदोनपट प्रत्यक्ष पल्ला त्या गाडीत आज, जुन्या अवस्थेत असायला हवा. शंभर असेल तर १५० ते १७५. कारण घरी पोचताना वीस टक्के शिल्लक असावी, पावसात रस्ता बंद होऊन ठाण्याहून वळसा पडू शकतो, आणि पुढच्या तीन-चार वर्षांत बॅटरी आणखी थोडी उतरणार आहे. जेमतेम पुरणारी गाडी स्वस्तात मिळाली म्हणून घेतली, तर दुसऱ्याच उन्हाळ्यात एसी बंद करून घरी यावं लागेल.

गाडी बघायच्या आधी प्लगची जागा बघा

हा टप्पा लोक शेवटी ठेवतात आणि तिथेच अडकतात. रात्री घरी किंवा दिवसा ऑफिसात, दोन्हींपैकी एका ठिकाणी चार्जिंगची पक्की सोय नसेल, तर लांबच्या रोजच्या प्रवासासाठी जुनी ईव्ही घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगेन. सार्वजनिक फास्ट चार्जरचा दर बहुतेक ठिकाणी घरच्या दराच्या दुप्पट किंवा जास्त पडतो, रांग असते, आणि आधीच वापरलेल्या बॅटरीला रोज फास्ट चार्जिंग मानवत नाही.

घरी मात्र साधं पंधरा अँपिअरचं सॉकेट पुरतं. त्यातून तासाला अडीच ते तीन युनिट जातात. माझे पंधरा युनिट, वर चार्जिंगमधली गळती धरून मीटरवर सतरा. सहा-साडेसहा तास. रात्री नऊला लावली की पहाटे साडेतीनच्या सुमाराला काम झालं. ७.२ किलोवॉटचा वॉल चार्जर असेल तर अडीच तासांत होतं, सोय म्हणून चांगला आहे, पण तो नाही म्हणून गाडी नाकारू नका.

सोसायटीचं काय? केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार आपल्या राहत्या घरच्या किंवा ऑफिसच्या सध्याच्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते. पण तो कागद कमिटीच्या मीटिंगमध्ये आपटून काम होत नाही. आमच्या सेक्रेटरी काकांचा प्रश्न साधा होता, "अहो, पार्किंगमध्ये काही पेटलं तर?" भीती खरी होती, वाद घालण्यासारखी नव्हती. मी परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलावलं. मीटर रूमपासून माझ्या पार्किंगपर्यंत वायर कुठून जाईल त्याचा नकाशा कागदावर काढून घेतला, पाइपातून बंद वायर, भार जास्त झाला की पडणारा स्वतंत्र एमसीबी, गळती झाली की वीज तोडणारा आरसीसीबी, अर्थिंगचं मोजमाप, आणि खर्च व जबाबदारी माझी असं लेखी हमीपत्र. पुढच्याच मीटिंगमध्ये परवानगी मिळाली. काका आता स्वतः खाली येऊन सॉकेटचं झाकण लावलंय का बघतात.

वायरच्या जाडीत काटकसर नको. पंधरा अँपिअरसाठी चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, ७.२ किलोवॉटसाठी सहाची, आणि मीटर रूम लांब असेल तर त्याहून जाड. अर्थिंग कच्चं असेल तर बऱ्याच गाड्या चार्जिंग सुरूच करत नाहीत, आणि माणूस गाडीत दोष शोधत बसतो.

मीटर शक्यतो वेगळा घ्या. शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा पॉवर, भांडुप-मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवलीकडे महावितरण. राज्याच्या वीजदरांत ईव्ही चार्जिंगसाठी स्वतंत्र वर्गवारी आहे. घरच्याच मीटरवर लावलीत तर महिन्याला पावणेचारशे युनिटची भर पडते, आणि तुमचा फ्रिज-पंख्याचा वापरही वरच्या टप्प्याच्या दरात जातो. बिल आल्यावर धक्का बसतो तो यामुळे. वेगळ्या मीटरवर, समजा युनिटला दहा रुपये धरले, तर माझे शंभर किलोमीटर १७० रुपयांत होतात. लिटरला चौदा देणारी पेट्रोलची गाडी तेवढ्यालाच सात लिटर पिते, आणि मुंबईत पेट्रोल शंभरच्या वर आहे.

टॉवरमध्ये यांत्रिक पार्किंग असेल, म्हणजे गाडी प्लेटवर ठेवून वर सरकवतात तसं, तर तिथे बहुतेकदा चार्जिंग शक्य नसतं. बिल्डिंगच्या माणसाला आधी विचारा. भाड्यानं राहत असाल तर घरमालकाची लेखी संमती घ्या, आणि घर बदलताना हाच प्रश्न पुन्हा उभा राहणार हेही लक्षात असू द्या.

कोणती गाडी

बाजारात सगळ्यात जास्त मिळतात त्या टाटाच्या (पुढचे आकडे बॅटरीच्या किलोवॉट-अवरचे). जुनी नेक्सॉन ३०.२ ची आणि मे २०२२ पासूनची मॅक्स ४०.५ ची, टिगोर २६ ची, टियागो १९.२ आणि २४ ची. एमजीची झेडएस आधी ४४.५ आणि २०२२ पासून ५०.३ ची. महिंद्राची एक्सयूव्ही४०० ३४.५ आणि ३९.४ ची. ह्युंदाईची कोना ३९.२ ची. ती चालायला फार छान, पण भारतातली विक्री आता बंद आहे आणि सुटे भाग मिळण्याचा प्रश्न स्वतः चौकशी करूनच सोडवावा लागेल. शिवाय २०२० च्या शेवटी कोना बॅटरीच्या तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या, तेव्हा ती तपासणी झाल्याचा कागद मागा.

माझं मत असं. रोजचं अंतर सत्तरपर्यंत असेल तर २४-२६ ची बॅटरी चालेल. शंभरच्या आसपास असेल तर तीसच्या खाली जाऊ नका. बदलापूरहून दक्षिण मुंबई किंवा विरारहून चर्चगेट असं एकशेवीस-चाळीसचं असेल तर चाळीसच्या वरचीच घ्या. एमजी कॉमेट गोड गाडी आहे, गल्लीबोळात सोन्यासारखी, पण १७.३ ची बॅटरी लांबच्या रोजच्या कामाची नाही. महिंद्राच्या ई-टू-ओ, ई-व्हेरिटोसारख्या त्याआधीच्या गाड्या कितीही स्वस्त मिळाल्या तरी या कामाला घेऊ नका.

वॉरंटी वर्षांत नको, किलोमीटरमध्ये मोजा

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, आणि विकणारा हे कधीच मांडून दाखवत नाही.

बऱ्याच गाड्यांच्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते, अशी वॉरंटी असते. काहींना दीड लाख. आपण "अजून पाच वर्षं आहे" एवढंच ऐकतो. पण लांबून येणारा माणूस वर्षाला किती चालवतो? शंभर गुणिले महिन्याचे बावीस दिवस, म्हणजे २,२००. वर्षाचे सव्वीस हजार. त्यात गणपतीत गाव, रविवारी नातेवाईक, असे तीस हजार होतात.

दोन गाड्या समोर ठेवा. एक चार वर्षांची, ५०,००० चाललेली. उरले १,१०,००० किलोमीटर, तुमच्या वापरानं पावणेचार वर्षं पुरतील. वर्षंही चारच उरलीत, म्हणजे हिशोब जुळला. दुसरी तीन वर्षांची, ८०,००० चाललेली. नवी दिसते, कागदावर पाच वर्षांची वॉरंटी शिल्लक. पण किलोमीटर ८०,०००च उरले, म्हणजे पावणेतीन वर्षांत वॉरंटी संपली. वॉरंटीनंतर बॅटरी बदलायची वेळ आली तर खर्च जुन्या गाडीच्या किमतीलाच भिडू शकतो. म्हणून दोन्ही भागाकार करा आणि जो लहान येईल तोच तुमचा आकडा.

याबरोबर वॉरंटीचं पुस्तक स्वतः वाचा. वॉरंटी दुसऱ्या मालकाकडे जाते का आणि तशीच्या तशी जाते का? अलीकडे काही नव्या मॉडेल्सना आयुष्यभराची बॅटरी वॉरंटी मिळते, पण ती पहिल्या मालकासाठी असते आणि गाडी विकली की वर्षं-किलोमीटरची मर्यादा लागते. क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली तर बॅटरी बदलून मिळेल? सर्व्हिस अधिकृत ठिकाणी आणि वेळेवर झाली नाही तर काय? कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीचा चेसिस नंबर देऊन वॉरंटी आजही चालू आहे याची खात्री करून घ्या, आणि जमलं तर ते मेलवर मागवा. मी पाहिलेल्या एका गाडीच्या दोन सर्व्हिस गळल्या होत्या. दलाल म्हणत होता, "त्यानं काही होत नाही, साहेब." मी फोन खाली ठेवला आणि त्या गाडीचा नाद सोडला.

टॅक्सी म्हणून चाललेल्या गाड्या वेगळ्या. खाजगी ईव्हीची नंबरप्लेट हिरवी आणि अक्षरं पांढरी, व्यावसायिकची हिरवीच पण अक्षरं पिवळी. प्लेट बदलता येते, म्हणून आरसीवर वाहनाचा वर्ग आणि पूर्वीची नोंद बघा. ताफ्यातल्या गाड्या रोज दोन-तीनदा फास्ट चार्ज झालेल्या असतात.

बॅटरीची तब्येत

डॅशबोर्डवर "१००% – १९० किमी" दिसतं, त्याला फार अर्थ नाही. तो आकडा मागच्या काही दिवसांच्या चालवण्यावरून येतो. हळू चालवून तो सहज फुगवता येतो. बघायचं ते एसओएच, म्हणजे नवी असतानाच्या क्षमतेपैकी किती टक्के उरली ते. अधिकृत सर्व्हिस सेंटर गाडीला संगणक लावून हा आकडा काढू शकतं. पैसे पडले तरी द्या आणि मालकाच्या परवानगीनं स्वतः हजर राहा. ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीतली माहिती वाचायच्या जोडणीला, लावायचं छोटं उपकरण आणि मोबाइल ॲप वापरूनही बऱ्याच गाड्यांत तो दिसतो. त्याच यादीत प्रत्येक सेलचा व्होल्टेज असतो. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा यांत फरक मोठा असेल, आणि तो चार्ज कमी होताना आणखी वाढत असेल, तर एखादा सेल थकलाय असं समजा.

हे काहीच जमलं नाही तर घरगुती हिशोब आहे. मालकाला गाडी वीस टक्क्यांवर आणायला सांगा, मग मीटर लावून शंभरपर्यंत चार्ज करा. समजा २६ युनिट गेले. त्यातले साधारण बारा टक्के चार्जिंगमध्ये वाया जातात, बॅटरीत पोचले तेवीसच्या आसपास. हे ऐंशी टक्क्यांचे, म्हणजे पूर्ण बॅटरी २८.६ ची. मूळ ३०.२ ची होती, तेव्हा ९४-९५ टक्के उरलीय. हा आकडा पाच टक्के इकडेतिकडे चुकू शकतो, पण ८५ आणि ९५ मधला फरक त्यातून कळतो. चार-पाच वर्षांच्या गाडीत नव्वदच्या वर असेल तर उत्तम. पंच्याऐंशीच्या खाली असेल तर किंमत तशी मागा, नाहीतर निघा.

एक बारकावा. काही गाड्यांत, नेक्सॉनही त्यात आली, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) जातीचे सेल असतात. त्यांचा व्होल्टेज चार्ज कमी होईपर्यंत फारसा बदलत नाही, त्यामुळे गाडीला उरलेल्या टक्क्यांचा अंदाज चुकतो. बरेच दिवस पूर्ण चार्ज न केलेली अशी गाडी अठरा टक्क्यांवरून एकदम आठवर उडी मारते. ते बघून लगेच घाबरू नका. एक-दोनदा स्लो चार्जिंगनं शंभर टक्के करून पुन्हा बघा. उडी तरीही राहिली तर मात्र घेऊ नका.

मालकाशी गप्पाही मारा, चौकशीच्या सुरात नको. "रोज कुठे चार्ज करायचात?" "गावाला जाताना किती वेळा थांबावं लागायचं?" घरी रात्री हळू चार्ज करणारा, रोज साठ-सत्तर किलोमीटर चालवणारा माणूस सापडला तर ती गाडी चांगली. कमी चाललेली पण महिनोन्महिने शंभर टक्के चार्जवर उन्हात उभी असलेली त्यापेक्षा वाईट असू शकते.

खालून बघा, आणि पाण्याचं विचारा

बॅटरी गाडीच्या पोटाखाली असते आणि आपले रस्ते पेव्हर ब्लॉकचे. गाडी रॅम्पवर चढवल्याशिवाय सौदा करू नका. कल्याणच्या एका गॅरेजमध्ये मी असाच एका गाडीखाली उभा होतो. मेकॅनिक दादानं टॉर्च मारला, बॅटरीच्या आवरणावर तळहाताएवढा पोचा आणि त्याच्या कडेला ताजा काळा रंग. दादा म्हणाला, "नुसता पोचा असता तर मी काही बोललो नसतो. रंग का मारला ते विचारा." बाहेरचा मार बसून झालेलं नुकसान वॉरंटीत धरत नाहीत. त्यामुळे खरचटणं चालेल, पोचा नाही.

नारिंगी रंगाच्या जाड केबल दिसतील, त्या हाय व्होल्टेजच्या. त्यांना हात लावू नका, नुसत्या बघा. कनेक्टरवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड, नटबोल्टला गंज. समुद्राजवळ उघड्यावर राहिलेल्या गाड्यांत हे सापडतं.

बॅटरीला बहुधा आयपी६७ दर्जा असतो, म्हणजे ठराविक खोलीच्या पाण्यात अर्धा तास राहिली तरी आत पाणी जाऊ नये अशी बांधणी. तो दर्जा नव्या, न ठोकलेल्या बॅटरीचा. हिंदमाता किंवा अंधेरी सबवेच्या पाण्यात तासन्‌तास उभी राहिलेली गाडी वेगळी. ती कशी ओळखायची? सीटबेल्ट पूर्ण ओढून बाहेर काढा, शेवटच्या टोकाला मातीची रेघ दिसते का बघा. सीटखालच्या पट्ट्यांना गंज, कार्पेट उचलल्यावर कुबट वास, हेडलाइटच्या आत ओल. जुन्या विम्याचे क्लेम मागवा. सुगंधाचा मारा जास्त असेल तिथे कार्पेट नक्की उचला.

चालवून आणि चार्ज करून बघा

दहा मिनिटांची फेरी पुरत नाही. मालकाला सोबत घेऊन, त्यांचा वेळ मागून, तुमच्याच रस्त्यानं, तुमच्याच वेळी एकदा जा. सुरुवातीचे टक्के, शेवटचे टक्के, किलोमीटर, एसी किती वेळ चालू, सगळं लिहा. मी माझ्या गाडीत मुलुंड ते लोअर परळ आणि परत असं गेलो होतो, ६० किलोमीटरला ३१ टक्के. त्यावरून शंभर टक्क्यांत १९० निघाले. त्या एका फेरीनं मला जे कळलं ते दहा गाड्यांच्या गप्पांतून कळलं नव्हतं.

एसी पूर्ण करून उभ्या गाडीत वीस मिनिटं बसा. एसीचा कॉम्प्रेसर इथे हाय व्होल्टेजवर चालतो आणि महाग असतो. बऱ्याच गाड्यांत बॅटरी थंड ठेवण्याचं कामही त्याच्यावरच अवलंबून असतं. ब्रेकमधून वीज परत घेण्याचे वेगवेगळे टप्पे लावून बघा. शंभर टक्के चार्ज असताना ते नीट जाणवत नाही, सत्तर-ऐंशीवर बघा. टायरही निरखा. ईव्ही जड असते आणि उचल जोरात घेते, टायर लवकर जातात. चारही बदलायचे असतील तर किमतीतून वजा करा.

चार्जिंग दोन्ही प्रकारांनी करून बघा. फास्ट चार्जरवर पंधरा मिनिटं, आणि साध्या सॉकेटवर अर्धा तास. गाडीच्या आतला चार्जर बिघडला असेल तर फास्ट चार्जिंग व्यवस्थित होतं पण घरी चार्ज होत नाही. विकणारा तुम्हाला मॉलमधल्या फास्ट चार्जरवर नेऊन खूश करील, आणि तुमची अडचण पहिल्या रात्री घरी सुरू होईल. पोर्टाच्या आतल्या पिना मोबाइलच्या उजेडात बघा, काळसर आहेत का. पोर्टेबल केबल, दोन्ही चाव्या, वॉल चार्जर मिळाला असेल तर तो, हे सगळं सौद्यात लिहून घ्या.

कागद

आरसीवर बँकेचं नाव असेल तर ते काढायचा फॉर्म ३५ आणि बँकेचा ना-हरकत दाखला आधी, पैसे नंतर. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. एमएच-०२ ची गाडी एमएच-०५ मध्ये न्यायची तर फॉर्म २८ चा ना-हरकत दाखला. ई-चलान थकलेत का ते आधीच बघा आणि विकणाऱ्यालाच भरायला लावा. परराज्यातली गाडी कितीही स्वस्त असली तरी पहिल्या ईव्हीसाठी तो खटाटोप नको.

विम्याबाबत, मालकी बदलल्यापासून १४ दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी स्वतःच्या नावे करा. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, गाडीबरोबर येत नाही. पाण्यानं बॅटरीचं नुकसान झालं तर भरपाई मिळेल असं वाढीव कवच मुंबईत घ्याच.

गाडीचं मोबाइल ॲपही जुन्या मालकाच्या खात्यावर असतं. ते समोर बसून काढायला लावा. नाहीतर गाडी कुठे उभी आहे हे त्यांना दिसत राहतं, काही गाड्यांत दारंही तिथून उघडतात.

डीलरकडून घेत असाल तर जानेवारी २०२५ च्या मध्यापासून जुन्या ईव्हीवरही १८ टक्के जीएसटी आहे, पण तो डीलरच्या नफ्याच्या रकमेवर, पूर्ण किमतीवर नाही. पूर्ण किमतीवर लावून सांगत असतील तर हिशोब मागा. दोन खाजगी माणसांच्या व्यवहारात तो लागत नाही.

किंमत

जुन्या मालकानं किती दिले हा आकडा विसरा. नव्या ईव्हींच्या किमती मधल्या काळात बऱ्याच उतरल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये नेक्सॉन ईव्हीची किंमतच एका फटक्यात एक लाख वीस हजारांपर्यंत कमी झाली होती. म्हणून तेवढ्याच बॅटरीची नवी गाडी आज रस्त्यावर कितीला पडते तिथून सुरुवात करा. नवीत आठ वर्षं मिळतात, तुम्हाला वॉरंटीतले समजा पावणेचार वर्षांचे किलोमीटर मिळतायत. किंमत निम्म्याच्या आसपास असेल तर बोलणी करण्यासारखं आहे. पंचाहत्तर टक्के मागत असतील तर थोडं कर्ज वाढवून नवी घेतलेली बरी.

पनवेल, उलवेकडून येणाऱ्यांनी एक गोष्ट हिशोबात धरावी. ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोल माफ आहे, इतर गाड्यांना एका फेरीचे २५० रुपये. फास्टॅग नवा, स्वतःच्या नावे काढा. आम्हा ठाणे-डोंबिवलीकरांना या टोलमाफीचा उपयोग नाही, मुंबईच्या वेशीवरचे टोल नाके ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्याच लहान गाड्यांना माफ झालेत.

घरी आणल्यावर

पहिला महिनाभर रोज टक्के आणि किलोमीटर वहीत लिहा. पुढे वॉरंटीत दावा करावा लागला तर ही वही हाताशी असते. वाटेवरचे दोन फास्ट चार्जर एकदा प्रत्यक्ष जाऊन, ॲपमध्ये पैसे भरून वापरून ठेवा. रात्री लाईट गेली तर सकाळी तिथे वीस-पंचवीस मिनिटं थांबून दिवस निभावतो. माझ्यावर दोन पावसाळ्यांत तीनदा ती वेळ आली.

आणि बॉनेटखालची साधी बारा व्होल्टची बॅटरी बघा. मोठी बॅटरी ऐंशी टक्के भरलेली असली तरी ही छोटी उतरली की गाडी उघडतसुद्धा नाही. तिच्यावर तारीख छापलेली असते. तीन वर्षं झाली असतील तर पावसाळ्याआधी बदलून टाका.